साडेतीन हातांचा देह

मराठी भाषेंत मनुष्याच्या देहाची लांबी ठरून गेलेली आहे. ती साडेतीन हात. कीर्तनकार देहाच्या नश्वरतेविषयीं बोलूं लागला कीं साडेतीन हातांचा उल्लेख झाल्यावांचून राहत नाहीं; हांवरट धनिकाची गोष्ट सांगतांनाहि शेवटीं त्यास लागणारी जागा साडेतीन हातच निघते; आणि जुन्या संतवाङ्मयांत याच मापास ‘औट हात’ असें म्हटलेलें आढळतें. इतक्या वेळां कानांवर पडलेला आंकडा सहसा कोणी तपासून पाहत नाहीं. तो वैराग्याचा अलंकार आहे, हिशेबाची बाब नव्हे, अशीच आपली समजूत असते. परंतु ज्या वाचकांस कुतूहल असेल त्यांनीं घरांतील मोठ्या माणसांस भिंतीशीं उभें करावें, आणि ज्याची उंची त्याच्याच हातानें, म्हणजे त्याच्याच कोंपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंतच्या लांबीनें, मोजावी. कोणी उंच असेल, कोणी ठेंगणा असेल. उत्तर मात्र बहुतेकांचें साडेतीनाच्या किंचित् पुढेंमागेंच येईल.

हा आंकडा वैद्यकांत फार पूर्वींच नोंदला गेला आहे. इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमाराचा वाग्भट आपल्या अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानांत, तिसऱ्या अध्यायांत, शरीराचें इष्ट प्रमाण साडेतीन हात देतो. आणि हे हात ज्याचे त्याचे स्वतःचे असावे असें स्पष्ट सांगतो. असा देह सुखास व आयुष्यास योग्य होय, असा त्याचा अभिप्राय आहे. महाराष्ट्राशीं या ग्रंथाचा संबंध जुना आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत त्यावर ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीका लिहिली, आणि पुढें गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भटा’नें तो मराठी वाचकांच्या घरीं पोंचविला. संतांच्या वाणींतील औट हात आणि वैद्याच्या पोथींतील साडेतीन हात यांपैकीं कोणी कोणाकडून घेतलें, हा वाद आम्ही येथें उपस्थित करीत नाहीं. आम्हांस दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, या साडेतीन हातांमागें प्राचीनांचा शरीराच्या भूमितीविषयींचा एक पक्का विचार आहे, आणि त्या विचाराचें मर्म ‘किती हात’ या प्रश्नांत नसून ‘कोणाचे हात’ या प्रश्नांत आहे.

शास्त्रीय मापनांत एक हात म्हणजे चोवीस अंगुलें. साडेतीन हात म्हणजे अर्थात् चौऱ्यांशी अंगुलें. आतां वाग्भटाच्या कित्येक शतकें आधींच्या चरकसंहितेकडे वळलें, तर तिच्या विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत हाच आंकडा सांपडतो. तेथें रोग्याची परीक्षा दहा प्रकारांनीं करावी असें सांगितलें आहे. त्याची प्रकृति, विकृति, धातूंचें सार, अंगाची घडण, सात्म्य, मनाचें बळ, आहारशक्ति, व्यायामशक्ति आणि वय हीं तर पाहावयाचींच. पण त्यांच्याच जोडीस ‘प्रमाण’ ही एक स्वतंत्र परीक्षा आहे. वैद्यानें रोग्याचीं अंगें रोग्याच्याच अंगुलानें मोजावयाचीं. पावलाची उंची चार अंगुलें, रुंदी सहा, लांबी चौदा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत अठरा, गुडघा चार, मांडी पुन्हां अठरा. छातीची रुंदी चोवीस, मुखाची उंची बारा. अशीं मापें देत देत ग्रंथकार शेवटीं सर्व देहाची उंची चौऱ्यांशी अंगुलें ठरवितो, आणि ज्याची उंची व रुंदी सारखी भरते तो देह ‘सम’ होय असें म्हणतो.

यांतील सर्वच आंकडे एकमेकांशीं चोख जुळतात असें नाहीं; हजारों वर्षें हातानें उतरल्या गेलेल्या ग्रंथांत तशी अपेक्षा करणेंहि योग्य नव्हे. परंतु पायाचीं मापें घेऊन पाहावीं. पाऊल चार, नडगी अठरा, गुडघा चार, मांडी अठरा; बेरीज चव्वेचाळीस. चौऱ्यांशीच्या निम्म्याहून ही दोनच अंगुलें अधिक. मनुष्याचे पाय त्याच्या उंचीच्या सुमारें अर्धे असतात हें कोणत्याहि चित्रकारास ठाऊक असतें. हे आंकडे ज्यानें प्रथम जुळविले त्यानें ते केवळ आसनावर बसून कल्पिले नव्हते, उघड्या डोळ्यांनीं शरीरें पाहिलीं होतीं, असें मानण्यास येथें आधार मिळतो.

‘उंची व रुंदी सारखी’ हें वाचून वाचक क्षणभर थबकतील. असा चौकोनी मनुष्य कोणीं पाहिला आहे? येथें रुंदी म्हणजे दोन्ही हात बाजूंस सरळ पसरले असतां एका हाताच्या टोंकापासून दुसऱ्या हाताच्या टोंकापर्यंतचें अंतर होय. त्यास संस्कृतांत ‘व्याम’ म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत व्यामाचें माप चौऱ्यांशी अंगुलेंच दिलें आहे, आणि दोर मोजण्यास व खणलेल्या खड्ड्याची खोली सांगण्यास तें वापरावें असें म्हटलें आहे. विहिरीची खोली ‘दोन पुरुष’, ‘तीन पुरुष’ अशी सांगण्याची आपल्या खेड्यांतील रीत याच कुळांतली. म्हणजे राजाचा खणती मोजणारा कामगार आणि रोगी तपासणारा वैद्य हे दोघेहि एकाच आंकड्यावर येऊन पोंचले होते. बौद्धांनीं बुद्धाच्या अंगीं जीं बत्तीस महापुरुषलक्षणें मानलीं त्यांतहि एक हेंच आहे. उंचीइतकाच ज्याच्या बाहूंचा विस्तार, तो ‘न्यग्रोधपरिमंडल’, वटवृक्षासारखा भरलेला. वडाचा घेर पाहून ज्यास मनुष्य आठवला त्याची दृष्टि भूमितिज्ञाची होती, आणि कवीचीहि होती.

सुश्रुताकडे आलें म्हणजे मात्र एक अडचण उभी राहते. सूत्रस्थानाच्या पस्तिसाव्या अध्यायांत तोहि अवयवांचीं मापें स्वतःच्या अंगुलांनींच देतो; परंतु त्याच्या मतें पुरुषाची एकंदर लांबी एकशें वीस अंगुलें भरते. चौऱ्यांशी कोठें आणि एकशें वीस कोठें! छत्तीस अंगुलांचें म्हणजे दीड हाताचें अंतर हें पाठभेदाचें अंतर नव्हे. परंपरेनें याचा जो मेळ घातला आहे तो असा कीं, सुश्रुताचा पुरुष हात वर उंचावून, चवड्यांवर उभा आहे. वरवर पाहतां ही पंडितांची पळवाट वाटेल. परंतु आमच्या मतें ती पळवाट नाहीं, आणि तिचा पुरावा वैद्यकाबाहेर, यज्ञवेदीवर आहे.

बौधायनाच्या शुल्बसूत्रांत वेदी आंखण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत त्यांत ‘पुरुष’ हें एक मूळ माप आहे, आणि तें नेमकें एकशें वीस अंगुलांचें, म्हणजे पांच अरत्नींचें आहे. अग्निचयनांत पक्ष्याच्या आकाराची जी वेदी रचीत तिचें क्षेत्रफळ अशा साडेसात चौरस पुरुषांचें असे. हा पुरुष कोण? तर स्वतः यजमान. आणि त्याचें माप त्यास हात वर करून उभें करून घ्यावयाचें, असा ब्राह्मणग्रंथांपासूनचा संकेत आहे. देवाकडे हात उभारलेला मनुष्य हाच त्या सर्व भूमितीचा दंडक. एका यजमानाचा पुरुष दुसऱ्याच्या पुरुषाहून बोटभर मोठा असेल, तर त्याची वेदीहि त्या मानानें मोठी होई. आकृति मात्र तीच राही. प्रमाण कायम ठेवून परिमाण बदलूं देणें हा भूमितीचा पहिला धडा आहे, आणि वेदीवर तो विटांनीं लिहिला गेला. सुश्रुताचा एकशें वीस आणि शुल्बकारांचा एकशें वीस हे एकच आहेत असें मानलें, तर वैद्याचा पुरुष व यज्ञाचा पुरुष एकाच परंपरेंतले ठरतात; एक हात खालीं सोडून उभा आहे, दुसऱ्यानें ते उंचावले आहेत, इतकाच फरक.

आतां अंगुल ज्याचें त्याचें कां, हा प्रश्न. शुल्बकारांस धान्याच्या व तिळाच्या दाण्यांनीं ठरविलेलें अंगुल ठाऊक होतें. कौटिल्यानें आठ यवांचें अंगुल राज्यव्यवहारासाठीं सांगितलें आहे. ठराविक माप अस्तित्वांत नव्हतें म्हणून वैद्यानें रोग्याचें बोट धरलें, असें म्हणतां येत नाहीं. त्यानें तें बुद्धिपुरःसर धरलें. बाजारांत दोन माणसांचा व्यवहार असतो. तेथें कापड मोजणाऱ्याचा हात लहान असल्यास घेणाऱ्याचें नुकसान होतें, म्हणून माप दोघांच्याहि बाहेरचें पाहिजे. वैद्यापुढें एकच मनुष्य असतो. हा मनुष्य शेजाऱ्याहून उंच आहे कीं ठेंगणा, हें त्यास विचारावयाचें नाहीं. या मनुष्याचें एक अंग त्याच्याच दुसऱ्या अंगाशीं जुळतें आहे कीं नाहीं, हें विचारावयाचें आहे. त्यासाठीं योग्य माप त्याच्याच देहांत असलें पाहिजे. सुश्रुतानें याच्याच जोडीस आणखी एक शहाणपणाची मर्यादा घातली: शरीर पूर्ण वाढीस लागलें म्हणजेच तें समत्वास आलें असें समजावें, आणि त्यासाठीं पुरुषाचें वय पंचवीस व स्त्रीचें सोळा धरावें. हे आंकडे त्याच्या काळचे आहेत. परंतु वाढत्या देहाच्या अंगांचें प्रमाण वयाबरोबर बदलतें, म्हणून मोजणी वाढ पुरी झाल्यावर करावी, हें तत्त्व आजहि तसेंच खरें आहे.

वैद्याच्या या मापाचें वेगळेपण शिल्प्याच्या व दैवज्ञाच्या मापाशेजारीं ठेवलें म्हणजे विशेष उठून दिसतें. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत प्रतिमालक्षणाचा अध्याय आहे आणि पुरुषलक्षणाचाहि आहे. प्रतिमेची उंची तो एकशें आठ अंगुलें घेतो. बारा अंगुलांच्या मुखाचीं नऊ मापें, म्हणजे शिल्पशास्त्रांतील नवताल. येथें अंगुल मूर्तीच्याच उंचीचा एक अंश असतें. तेव्हां वीतभर मूर्ति असो वा दोन पुरुष उंचीची असो, तिच्या अंगांचें नातें ढळत नाहीं. इतपत शिल्पी व वैद्य एकाच शाळेंतले. परंतु जिवंत पुरुषांविषयीं बोलतांना हाच ग्रंथकार स्वतःच्या अंगुलांनीं एकशें आठ भरणाऱ्यास उत्तम, शहाण्णव भरणाऱ्यास मध्यम, आणि चौऱ्यांशी भरणाऱ्यास हीन म्हणतो.

चरकाचा ‘सम’ पुरुष तोच वराहमिहिराचा ‘हीन’ पुरुष! या एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष आम्ही मुद्दाम वेधतों. हात अठरा इंचांचा धरला तर चौऱ्यांशी अंगुलांचा मनुष्य पांच फूट तीन इंच भरतो, शहाण्णवांचा सहा फूट, आणि एकशें आठांचा सहा फूट नऊ इंच. यांपैकीं पहिला आपल्या आळींत राहतो. दुसरा क्वचित् भेटतो. तिसऱ्याची गांठ देवळांत पडते. शिल्प्यास देव घडवावयाचा होता, आणि देव मनुष्यासारखा पण मनुष्याहून सडपातळ व उंच दिसावा म्हणून त्यानें देहास मुखाच्या मानानें लांबविलें; त्याच्या कामास तें शोभून दिसतें. दोष झाला तो इतकाच कीं, देवाचा सांचा पुढें माणसांवर बसवून पाहण्यांत आला. वैद्यास ती चैन परवडणारी नव्हती. त्याच्या दारीं येणारा मनुष्य साडेतीन हातांचाच होता, आणि त्यास सम म्हणण्यावांचून वैद्यकाचें पाऊल पुढें पडलें नसतें. आदर्श देहाचें माप आणि निरोगी देहाचें माप हीं दोन निराळीं आहेत, हें ज्ञान प्राचीनांच्या वैद्यकांत अशा रीतीनें, कसलाहि गाजावाजा न करतां, येऊन बसलें आहे.

हा विचार एकट्या आपल्याच देशांत झाला असें मात्र समजूं नये. ग्रीस देशांत इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत पॉलिक्लीटस नांवाचा मूर्तिकार होऊन गेला. त्यानें मानवी देहाच्या प्रमाणांवर ‘कॅनन’, म्हणजे दंडक, या नांवाचा ग्रंथ लिहिला, आणि त्या नियमांबरहुकूम एक मूर्तीहि घडविली. ग्रंथ नष्ट झाला. भाला घेतलेल्या तरुणाची त्याची प्रसिद्ध कांस्यमूर्तीहि नष्ट झाली. तिची पाँपेई येथें सांपडलेली संगमरवरी प्रतिकृति नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. मग त्या ग्रंथांतील सिद्धांत आपणांस कसा ठाऊक? मुख्यत्वें एका वैद्यामुळें. इसवी सन १२९ मध्यें पर्गमम येथें जन्मलेला गेलन हा युरोपीय वैद्यकाचा सुमारें तेरा शतकें आचार्य मानला गेला. त्यानें आपल्या लेखनांत त्या दंडकाचा सारांश नमूद करून ठेवला आहे: बोटाचें बोटाशीं, सर्व बोटांचें तळहाताशीं व मनगटाशीं, त्यांचें पुढच्या हाताशीं, त्याचें दंडाशीं, आणि अशा रीतीनें प्रत्येक अंगाचें प्रत्येक अंगाशीं जें नातें, त्यांत सौंदर्य असतें. आरंभ येथेंहि बोटापासूनच आहे.

परंतु गेलन हें सांगतो तें सौंदर्याची चर्चा करण्यासाठीं नव्हे. अवयवांचें प्रमाण जुळलें तर सौंदर्य. उष्ण, शीत, आर्द्र व शुष्क या तत्त्वांचें प्रमाण जुळलें तर आरोग्य, असा भेद त्याच्या आधींच्या तत्त्वज्ञांनीं केला होता, आणि तो त्यास मान्य होता. दोहोंस शब्द एकच, ‘सममिति’. विषय मात्र दोन. आपल्याकडे धातुसाम्य व शरीरप्रमाण या दोन परीक्षा वेगवेगळ्या ठेवल्या आहेत, त्याशीं याचें साम्य लक्षांत घेण्यासारखें आहे. पुढें उष्णशीताची पारख कशानें करावी, हा प्रश्न येतो तेव्हां गेलन म्हणतो कीं, हाताची व विशेषतः बोटांच्या टोंकांची त्वचा ही सर्व देहांत मध्यम, ना फार उष्ण ना फार शीत. म्हणून स्पर्शाचा न्यायाधीश तीच. भारतीय वैद्यानें रोग्याचें बोट लांबीचें माप म्हणून घेतलें. यवन वैद्यानें मनुष्याचें बोट उष्णतेचें माप म्हणून घेतलें.

रोमन स्थापति व्हिट्रुव्हिअस यानें इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत देवळांच्या रचनेविषयीं लिहितांना सांगितलें कीं, मुख हा उंचीचा दशांश व पाऊल षष्ठांश असतें, आणि पसरलेल्या हातांचें अंतर उंचीइतकें असल्यामुळें मनुष्य चौरसांत बसतो. इ. स. १४९० च्या सुमारास लिओनार्दो दा व्हिंचीनें काढलेलें त्याचें चित्र आज जगभर वैद्यकीय संस्थांच्या भिंतींवर दिसतें. चीनच्या वैद्यकांत सुया टोंचण्याचीं स्थानें शोधण्यासाठीं ‘त्सुन’ हें माप वापरतात, आणि तें रोग्याच्याच अंगठ्याच्या रुंदीनें ठरवितात. या सर्वांवरून कोणी कोणाचें उचललें असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. सर्व देशांतील माणसांस बोटें आहेत, आणि बोटांनीं मोजावयास शिकण्यासाठीं परदेशीं जावें लागत नाहीं.

भूमितीचा मोह याहूनहि एका बाबतींत आवरावा लागतो, आणि त्याचें उत्तम उदाहरण इजिप्त देशांतील आहे. होरस देवाचा डोळा सेत या देवानें फोडला व थॉथ देवानें तो बरा केला, अशी तेथील कथा. म्हणून डोळ्याची ही आकृति आरोग्याचें व पूर्णत्वाचें चिन्ह समजून ताइताप्रमाणें अंगावर बाळगीत. विसाव्या शतकांतील पंडितांनीं असें मांडलें कीं, या डोळ्याचे सहा भाग म्हणजे धान्य मोजण्याच्या अर्धा, पाव येथपासून चौसष्टांशापर्यंतच्या सहा अपूर्णांकांचीं चिन्हें होत. त्यांची बेरीज त्रेसष्ट चौसष्टांश होते, आणि उरलेला अंश देवाच्या मंत्रानें भरून निघतो. कल्पना इतकी सुबक कीं पुस्तकांमागून पुस्तकांनीं ती उचलली. परंतु २००२ सालीं जिम रिटर या अभ्यासकानें दाखवून दिलें कीं, त्या अपूर्णांकांचीं जुनीं लेखनचिन्हें डोळ्याच्या भागांपासून निघालेलीं नाहींत. डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीच्या आरंभीं जें चिन्ह काढतात तेंहि याच डोळ्यापासून आलें असें पुष्कळदां सांगतात. वस्तुतः तें ‘घ्यावें’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचें संक्षिप्त रूप आहे. प्रमाण सुंदर दिसतें एवढ्यावरून तें खरें ठरत नाहीं. चरकाच्या चव्वेचाळीस अंगुलांच्या पायांचें महत्त्व तें सुंदर आहेत म्हणून नव्हे, तर कोणासहि मोजून पाहतां येतात म्हणून आहे.

येथवर आम्हीं प्राचीन वैद्यांची स्तुति केली. पण या विचारास दुसरीहि बाजू आहे. प्रमाणबद्ध देहाचें वर्णन करून चरकसंहिता थांबत नाहीं. आयुष्य, बळ, सुख, इतकेंच नव्हे तर ऐश्वर्य व धनहि अशा देहाच्या आधीन आहे, आणि प्रमाण कमीअधिक झालें कीं फळहि उलट, असें ती सांगते. सुश्रुताचाहि सूर असाच आहे. आयुष्य आणि बळ यांपर्यंत वैद्याचा अधिकार समजूं शकतो. धनाचा हिशेब बोटांच्या मापांत मांडला कीं वैद्यक संपून सामुद्रिक सुरू होतें. ज्याचा पाय जन्मतः आंखूड, ज्याच्या पाठीस कुबड, त्यास या वाक्यांनीं काय वाटलें असेल? सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत चरकानें आठ निंद्य देह मोजले आहेत: अति उंच, अति ठेंगणा, अति केसाळ, केसरहित, अति काळा, अति गोरा, अति लठ्ठ व अति कृश. निंद्य हा शब्द आज आपल्या कानांस बोंचतो. परंतु हीं आठ नांवें घेऊन झाल्यावर ग्रंथकार काय करतो तें पाहावें. पहिल्या सहांस तो तेथेंच सोडून देतो, आणि पुढें लठ्ठ व कृश या दोघांच्या दुःखाचा व उपचाराचा विचार करतो. कारण ज्यांच्यासाठीं वैद्यास कांहीं करतां येण्यासारखें होतें ते हे दोघे होते. निंदेची यादी लोकांची असेल. निवड वैद्याची आहे.

मापाचा खरा अधःपात पुढें झाला, आणि तो बोटांनीं नव्हे, पोलादी कंपासांनीं झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्यानें हिंदी लोकांच्या नाकांची लांबी-रुंदी मोजून तिचे निर्देशांक काढले. १८९१ सालीं बंगालच्या जातिजमातींवरील त्याचे ग्रंथ निघाले, आणि १९०१ च्या खानेसुमारीचा तो प्रमुख झाला. नाक जितकें रुंद तितकी जात खालची, असें त्याचें म्हणणें होतें. मुंबई विद्यापीठांतील समाजशास्त्राचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ च्या आपल्या ग्रंथांत रिस्लेचेच आंकडे घेऊन ते पुन्हां मांडले, आणि उत्तर हिंदुस्थानाच्या एका भागाबाहेर हा नियम टिकत नाहीं असें दाखविलें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें यांतील बोध निराळाच आहे. रिस्लेनेंहि गुणोत्तरच काढलें होतें, गणित तेंच. परंतु तें गुणोत्तर मनुष्यास त्याच्या स्वतःच्या देहाशीं ताडून पाहण्यासाठीं नव्हतें. त्यास दुसऱ्याच्या वर किंवा खालीं बसविण्यासाठीं होतें. वैद्याच्या मापाचा प्रश्न ‘यास काय होत आहे?’ असा असतो. या मापाचा प्रश्न ‘याची जागा कोणती?’ असा होता. एक माप रोग्याच्या उशाशीं बसतें, दुसरें खुर्चीवर बसतें.

आजच्या वैद्यकांत जुनी दैवज्ञाची वाक्यें राहिलीं नाहींत, आणि तें योग्यच झालें. पण स्वतःच्या अंगुलाचें तत्त्व टिकून आहे. भाजलेल्या रोग्याच्या अंगाचा किती भाग जळला हें तातडीनें ठरवावयाचें असतें, तेव्हां डॉक्टर त्या रोग्याचाच बोटांसह तळहात एक टक्का धरून अंदाज करतात. बालक असेल तर बालकाचा तळहात. वार्धक्यानें पाठ वांकली म्हणजे उंची मोजतां येत नाहीं. तेव्हां पसरलेल्या हातांचें अंतर घेऊन मूळ उंचीचा अंदाज बांधतात. कौटिल्याचा व्याम येथें अजून उपयोगी पडतो. आणि हें अंतर उंचीहून सुमारें विसांशानें किंवा अधिक वाढलेलें आढळलें, म्हणजे दोहोंचें गुणोत्तर १.०५ च्या पुढें गेलें, तर ‘मार्फान’ या नांवाच्या विकाराची शंका घेऊन रोग्याचें हृदय व महारोहिणी तपासण्याची दक्षता बाळगतात. चरकानें ज्यास ‘आयामविस्तारसम’ म्हटलें तें मोडलें असतां आयुष्यास धोका संभवतो, हें अशा एका बाबतींत तरी आधुनिक शास्त्रानें आपल्या रीतीनें पुन्हां ओळखलें आहे. यावरून प्राचीनांस हृदयाचा तो विकार ठाऊक होता असें मात्र कोणीं म्हणूं नये. त्यांस योग्य प्रश्न विचारतां येत होता, एवढेंच खरें, आणि तेवढेंहि थोडें नाहीं.

साडेतीन हातांच्या म्हणीकडे आतां पुन्हां पाहिलें तर तिचा अर्थ थोडा पालटलेला दिसतो. राजा असो वा रंक, शेवटीं जागा साडेतीन हातच लागते, असें आपण म्हणतों, आणि मृत्यूनें सर्वांस सारखें केलें असें समजतों. परंतु हें समत्व मृत्यूनें दिलेलें नाहीं. ठेंगण्या मनुष्याचा हात लहान असतो व उंचाचा मोठा असतो, म्हणून दोघेहि जिवंतपणींच साडेतीन हातांचे असतात. हें ज्या वैद्यांनीं प्रथम मोजून पाहिलें त्यांनीं दुसऱ्याचा हात आणून लावला नाहीं. ज्याची उंची त्याचाच हात घेतला, आणि मग त्याची नाडी पाहिली.